दुसऱ्यांदा दाबलेलं बटण

कारखाना वसाहत, ता. परंडा
३ मार्च १९८७

दादा,

जयभीम. तुझा रिपोर्ट काल कारखान्यात पोचला. तू माझा सख्खा भाऊ आहेस हे ठाऊक असून आमच्या चीफ इंजिनिअरसाहेबांनी तो फाइलला लावायला माझ्याच हातात दिला. म्हणाले, बाबूरावांनी स्वच्छ लिहिलंय. मी उभ्यानंच वाचला. दुसऱ्या पानावर तुझं वाक्य आहे : 'सदर कामगार कर्तव्यावर गाफील असल्याने धोक्याचा भोंगा वाजूनही त्याने दखल घेतली नाही.'

सदर कामगाराला नाव आहे. चाँदपाशा. त्यांची खोली आपल्या खोलीला लागून आहे. आबा गेले त्या वर्षी आई उसाच्या भुशाच्या ढिगावर पाळी करायची, तेव्हा तुझं-माझं जेवण अजीजाबीचाचींच्या चुलीवर व्हायचं. तू इंजिनिअर झालास तेव्हा वसाहतीत पेढे चाचांनी वाटले. उपकार म्हणून सांगत नाही. रिपोर्टात त्यांचं नाव लिहायला जागा होती, एवढंच म्हणते.

तू पुण्याहून आलास, दुपारभर बॉयलर हाऊसमध्ये होतास, गेस्ट हाऊसवर जेवलास आणि कुर्डूवाडीहून परतीची गाडी पकडलीस. आई दाराशी उभी होती. चाचा सोलापूरला सिव्हिलमध्ये पडून होते. त्यांच्याकडं जायला वेळ नव्हता म्हणतोस. बरं. पण अपघाताचा रिपोर्ट लिहिणाऱ्यानं भाजलेल्या माणसाला 'भोंगा वाजला का' एवढं विचारू नये?

तू विचारलं नाहीस, म्हणून मीच लिहिते. त्या दिवशी बॉयलर हाऊसमध्ये मीही कामावर होते.

पूर्वी एका पाळीला दोन फायरमन असायचे, चाचा आणि शिवप्पा. एकेकाच्या नजरेत एकेका बॉयलरची, पाण्याची पातळी दाखवणारी काच. तुमच्या कंपनीनं तुझ्या प्रोग्रॅमचा काँप्युटर बसवला आणि चेअरमनसाहेबांनी भाषणात सांगितलं की आता पाण्यावर मशीन लक्ष ठेवणार, पाणी उतरलं की मशीन भोंगा वाजवणार. पुढच्या आठवड्यात शिवप्पाला ऊसयार्डात धाडलं. दोन्ही बॉयलर एकट्या चाचांकडं आले. चाचांनी चीफसाहेबांना विचारलं होतं, "साब, मी एकीकडं असलो आन् दुसरीकडं पाणी उतरलं तर?" साहेब म्हणाले, भोंगा आहे ना.

यंदा पाऊस कसा झाला ते तुला माहीत आहे. तळ्यात उरलंय ते पाणी कमी आणि गाळ जास्त. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाची जाळी सारखी तुंबते. त्या दुपारी चाचा दोन नंबरच्या पंपाची जाळी साफ करत होते आणि तेवढ्यात एक नंबरचीही तुंबली. पाणी उतरत गेलं. भोंगा वाजला नाही. चाचा परत आले, त्यांनी काच बघितली, ती कोरडी होती. ते बाहेर पळू शकले असते. ते आगीकडं धावले, भुसा बंद केला, आणि तेवढ्यात आतली नळी फुटून भट्टीच्या दारातून वाफ आली. आग तशीच राहिली असती तर अख्खा बॉयलर गेला असता, आणि त्याच्याबरोबर यार्डातली माणसं. मीही.

दोन्ही हात, चेहरा, डावा डोळा. डॉक्टर डोळ्याबद्दल बोलत नाहीत.

तो भोंगा वसाहतीपर्यंत ऐकू येतो. यार्डातल्या एकानंही ऐकला नाही. ते सगळ्यांनी तुला सांगितलं, आणि तू लिहिलंस, 'साक्षीदार सदर कामगाराच्या परिचयातील आहेत.' आम्ही सगळे एकमेकांच्या परिचयातलेच आहोत दादा. तूही होतास.

पुतळा


१४ मार्च १९८७

दादा,

तुझं पत्र नाही. पण मी थांबून राहू शकत नाही, कारण गोष्ट गंभीर आहे आणि कारखाना चालू आहे.

एक नंबरची नळी बदलली. शिवप्पाला परत बॉयलरवर आणलंय, पण एकट्यालाच. चाचा सस्पेंड आहेत. त्यांचं फायरमनचं सर्टिफिकेट रद्द करावं असं कारखान्यानं तुझा रिपोर्ट जोडून वर लिहिलंय. पुढच्या महिन्यात बॉयलर इन्स्पेक्टर येऊन चौकशी करणार.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखं मशीन चालू केलं आणि तुमच्या सूचनेप्रमाणं तपासणीचं बटण दाबलं. भोंगा वाजला. शिवप्पा पंपाकडं होता, मोटरच्या आवाजात त्याला नीट कळलं नाही. येऊन म्हणाला, "म्या ऐकलं न्हाय बाई, परत दाबा."

मी परत दाबलं. काही झालं नाही.

तार सैल असेल म्हणून तपासली. घट्ट होती. बटण बदललं. काही नाही. मशीन बंद करून चालू केलं, दाबलं, वाजला. पुन्हा दाबलं, शांत. दिवसभर मी तेच करत राहिले. दरवेळी पहिल्यांदा वाजतो आणि नंतर मशीन बहिरं होतं, ते बंद करून चालू करेपर्यंत.

बटणाची तार आणि पाण्याच्या पातळीची तार काँप्युटरला एकाच जागी जोडलेली आहे. तूच जोडून दिलीस. म्हणजे बटणाची हाक ऐकू येत नसेल तर पाण्याचीही येत नाही.

आता मला चाचांची रोजची सकाळ आठवते. पाळीवर आल्याबरोबर पहिलं काम म्हणून ते बटण दाबायचे. भोंगा वाजला की कानाला हात लावून हसायचे. एकही दिवस चुकवला नाही. आणि तू रिपोर्टात लिहिलंस, 'सकाळी तपासणीत भोंगा वाजल्याची नोंद सदर कामगाराच्याच सहीने आहे, त्या अर्थी यंत्रणा सुस्थितीत होती.' त्यांची खरी नोंद तू त्यांच्याच विरुद्ध लावलीस.

मी चीफसाहेबांना दाखवलं. त्यांनी दोनदा बघितलं आणि दार लावून घेतलं. म्हणाले, चौकशी होईपर्यंत बोलू नको, सीझन संपत आलाय, आणि तसाही ऊस संपलाच आहे. मी म्हटलं, तोवर शिवप्पाचं काय? त्यावर ते फोन करायला वळले.

म्हणून शिवप्पाला मीच सगळं सांगितलं. मशीन नाही असं समजून काम कर म्हटलं. यार्डातला त्याचा भाऊबंद धोंडप्पा आता काम सोडून येतो आणि दुसऱ्या काचेपुढं उभा राहतो. मुकादमाला सापडला तर त्याची हजेरी जाईल.

मला प्रोग्रॅमचा कागद पाठव. कुठं अडतंय ते शोधते.

पुतळा


२ एप्रिल १९८७

दादा,

तुझं पत्र मिळालं. इतक्या दिवसांनी आलं आणि त्यात चाचांच्या डोळ्याबद्दल एक ओळ नाही. डोळा गेला. तू विचारलं नाहीस तरी सांगते.

तू लिहितोस की पुण्याला तुमच्या ऑफिसातल्या मशीनवर तू बटण दहादा दाबून बघितलंस, दरवेळी वाजलं, तेव्हा प्रोग्रॅममध्ये दोष नाही. मी भावनेच्या भरात आहे. प्रोग्रॅमचा कागद कंपनीची मालमत्ता असल्यामुळं पाठवता येत नाही. आणि मी डिप्लोमावाली, मला बॉयलर हाऊसमध्ये नोकरी तुझ्या शब्दावर लागली, हे विसरू नये.

शब्द तुझा होता, मुलाखत मी दिली. ते असो.

कागद न बघताही मला कळलंय. मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक कपाटात होतं, त्याची दोरीही कुणी सोडली नव्हती. ते मी घरी आणून वाचलं. आईनं चार दिवस मला भांड्याला हात लावू दिला नाही. चूक असेल तिथं दुरुस्त कर.

काँप्युटर आपल्या कामात असतो. बाहेरून हाक आली की त्यानं हातातलं काम सोडून ती घ्यायची असते. जुन्या बनावटीच्या मशीनमध्ये ही हाक आत नेणारी चिप एकच. प्रोग्रॅमनं हाक घेतली की चिपला 'घेतली' म्हणून सांगायचं, मग ती पुढची हाक सोडते. नव्या बनावटीत अशा दोन चिपा आहेत, एकीच्या मागं एक, आणि आपली भोंग्याची तार मागच्या चिपेवर येते. 'घेतली' दोघींनाही सांगावं लागतं. तू प्रोग्रॅम जुन्या मशीनसाठी लिहिलास. तो पुढचीलाच सांगतो. मागची निरोपाची वाट बघत बसते, आणि निरोप येईपर्यंत नंतरची हाक सोडत नाही.

मग पुण्याला का चालतं? तुमचं मशीनही नवंच आहे, पण ते दुसऱ्या कंपनीचं. त्या कंपनीनं मशीनच्या पोटात जो कायमचा प्रोग्रॅम बसवून दिलाय, तो मागच्या चिपेला तुझ्या वतीनं सांगून टाकतो. तुझं राहिलेलं काम तो करतो, म्हणून तुला कळलंच नाही की काही राहिलंय. आपल्याकडचं मशीन औरंगाबादच्या विक्रेत्याकडून आलं. त्याच्या पोटातला प्रोग्रॅम ते करत नाही.

हे मशीन वेगळ्या कंपनीचं आहे, चालेल का, असं चीफसाहेबांनी तुला फोनवर विचारलं होतं. मी त्याच खोलीत होते. फोन ठेवून साहेब म्हणाले, बाबूराव म्हणतात चालेल. तू मशीनचा नंबर विचारला नाहीस, पुस्तक मागवलं नाहीस. बसवायला आलास तेव्हा बटण एकदा दाबलंस, टाळ्या वाजल्या, हार घातला, फोटो निघाला. दुसऱ्यांदा दाबायचं कुणाला सुचलं नाही. आम्हाला सुचलं नाही ते समजू शकते. तुला सुचायला हवं होतं, तो तुझा धंदा आहे.

आता शेवटचं ऐक. मशीन चालू केल्यापासून एकच हाक ऐकत होतं. चाचा ती हाक रोज सकाळी तपासणीत खर्च करत होते, कारण तुझ्या सहीच्या सूचनापत्रकात तसं लिहिलंय. एखाद्या आळशी फायरमननं बटण दाबायचं टाळलं असतं, तर त्या दुपारी भोंगा वाजला असता. चाचा कामात चोख होते म्हणून भाजले, आणि तू त्यांना गाफील म्हणालास.

हे सगळं मी चौकशीत सांगणार आहे. तुला आधी कळवते, म्हणजे बहिणीनं पाठीमागून वार केला असं म्हणायला नको.

पुतळा


२६ एप्रिल १९८७

दादा,

चौकशीच्या दिवशी तू माझ्यासमोर बसला होतास, तरी पत्र लिहायची वेळ आली. तू जीपमध्ये बसलास तेव्हा आई जीपकडं चालत येत होती. तू बघितलं असशील.

तुमचे मॅनेजर बोलले ते मला समजू शकतं. अपघातात तारा हलल्या असतील, बाईंनी मशीन उघडून बिघडवलं असेल, हे त्यांनी म्हणायचंच. ते पगारच त्याचा घेतात. इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, चला, बघू. बॉयलर हाऊसमध्ये सगळे उभे राहिले. मी बटण दाबलं, भोंगा वाजला. पुन्हा दाबलं. यार्डातून परतीला निघालेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, तेवढाच. साहेबांनी मशीन बंद करून चालू करायला लावलं आणि स्वतः दाबलं. एकदा वाजला. मग ते अंगठ्यानं बटण दाबतच राहिले, भोंगा पुन्हा वाजला नाही.

मग त्यांनी तुला विचारलं, प्रोग्रॅम तुमचा ना? यात चूक आहे का?

तू म्हणालास, "प्रोग्रॅम बरोबर आहे, सर. मशीन वेगळं आहे."

दादा, त्या दिवसापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मशीन वेगळं असणार होतंच. सगळ्या कारखान्यांनी एकाच दुकानातून मशीन घ्यावं असा कायदा आहे का? कुठल्या मशीनवर आपण बसलोय हे प्रोग्रॅमनं आधी ओळखायचं, आणि तशी हाक घ्यायची, हेच तर तुझं काम होतं. त्यासाठीच तुला पुण्याला खुर्ची आहे. उद्या शिवप्पा म्हणाला की माझं काम बरोबर होतं पण पाणी गढूळ होतं, तर तू ऐकून घेशील?

चाचांना खुर्ची दिली होती. हाताला पट्ट्या, डोळ्यावर पट्टी. इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं तेव्हा ते उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "साब, मी भोंगा ऐकला न्हाय. वाजला असता तर आलो असतो. मला आनिक काय म्हनायचं न्हाय." मग तुझ्याकडं तोंड करून विचारलं, "बाबू, बरा हैस ना बेटा?"

तू मान हलवलीस. जमिनीकडं बघून.

निकाल तुला कळला असेल, तरी लिहिते. चाचा निर्दोष. सर्टिफिकेट कायम. दुरुस्त होईपर्यंत मशीन बंद. दुरुस्त झालं तरी पाळीला दोन फायरमन ठेवायचेच, असं साहेबांनी लेखी बजावलंय. पण चाचांची बोटं आकसली आहेत, व्हॉल्व्ह फिरत नाही. सर्टिफिकेट आहे आणि हात नाहीत. कारखान्यानं त्यांना गेटवर बसायची नोकरी देऊ केली. अजीजाबीचाचींनी निरोप्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "बॉयलर सोडून दुसरीकडं बसवायचं असंल तर त्यांना घरीच ऱ्हाऊ द्या."

माझी बदली टाइम ऑफिसात झालीय. कारण लिहिलेलं नाही. हरकत नाही, हजेऱ्या मांडते.

हरकत एकाच गोष्टीची आहे. तुझ्या मॅनेजरांनी चहाच्या वेळी फुशारकी मारली की हाच प्रोग्रॅम आणखी चार कारखान्यांत चालू आहे. दोन नगरकडं, एक बीडला, एक सोलापूर जिल्ह्यात. मी ऐकलं, आणि तूही ऐकलंस. तिथं मशीन कुठल्या कंपनीचं आहे? तिथल्या दुसऱ्या फायरमनलाही ऊसयार्डात धाडलंय का? सीझन संपला म्हणून यंदा वेळ मिळालाय. दिवाळीनंतर भट्ट्या पेटतील.

त्यांना तू कळव. तुझ्या नावानं. आठ दिवस वाट बघते, मग मी माझ्या नावानं कळवते.

पुतळा


७ जून १९८७

दादा,

तू कळवलं नाहीस, म्हणून मी कळवलं. चौघांना सारखंच लिहिलं : मशीन चालू करा, बटण दाबा, भोंगा वाजेल. मग दुसऱ्यांदा दाबा. खाली माझं नाव, हुद्दा आणि अपघाताची हकीकत.

बीडकडच्या कारखान्याचं उत्तर आलंय. तिथले कल्याणप्पा म्हणून फोरमन आहेत. लिहितात की आधी सगळे हसले, टाइम ऑफिसातली बाई आपल्याला भोंगा शिकवते म्हणून. मग दाबलं. दुसऱ्यांदा वाजला नाही. त्यांच्याकडंही यंदा पाळीला एकच माणूस होता. सोलापूरकडच्या कारखान्यात मशीन जुन्या बनावटीचं आहे, तिथं दरवेळी वाजतं. बाकी दोघं गप्प आहेत.

आणि परवा रजिस्टर पोस्टानं तुझी फ्लॉपी आली. आत चिठ्ठी नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं. आई म्हणाली, काय पडलं? म्हटलं, काही नाही.

चीफसाहेबांना विचारून बॉयलर हाऊसमध्ये जाऊन ती चालवली. तुझं आताचं काम चांगलं आहे. प्रोग्रॅम सुरू होतानाच मशीनमध्ये चिपा किती ते बघतो, पोटातला प्रोग्रॅम निरोप देतो की नाही ते तपासतो, आणि देत नसेल तर स्वतः दोन्हीकडं सांगतो. शिवप्पानं हात दुखेपर्यंत बटण दाबलं. दरवेळी वाजलं. बायका घरातून बाहेर आल्या, पुन्हा नळी फुटली की काय म्हणून.

म्हणजे हे तुला जमत होतं. वर्षापूर्वीही जमलं असतं. मला राग येतो तो याचाच. तुला काही येत नसतं तर मी तुझ्यावर एक कागद खर्च केला नसता.

दुरुस्ती पाठवलीस, पण ती इथं, बहिणीचं तोंड बंद करायला. तुमची कंपनी ही फ्लॉपी बाकीच्यांना पाठवणार नाही, कारण पाठवली की चूक होती असं कबूल होतं. तेव्हा मी घेऊन जाणार. टाइम ऑफिसातून रजा काढलीय. पुढच्या सोमवारी परंड्याहून सकाळच्या गाडीनं कुर्डूवाडीला येते आणि तिथून पुढं जाते. आधी बीडकडचा, मग नगरकडचे.

तुला कुर्डूवाडी पुण्याहून काही लांब नाही. आलास तर बरोबर जाऊ. नाही आलास तर मी थांबणार नाही. मला प्रोग्रॅम समजावून सांगायला तुझ्याइतकं जमणार नाही, पण बटण दुसऱ्यांदा दाबता येतं.

पुतळा


(पोस्टकार्ड)
१७ जून १९८७

आई,

शिवप्पाकडून वाचून घे. मी खुशाल आहे. दादा आला. मी बसमधून उतरले तेव्हा तो स्टँडवर बाकावर बसला होता. दाढी वाढलेली, हातात पिशवी. नोकरीचं विचारलं तर म्हणाला, सोमवारी न सांगता निघालोय, आता बघू. माझा राग गेलेला नाही आणि तो जावा असं त्यानंही म्हटलं नाही.

काल बीडकडच्या कारखान्यात त्यानं सगळ्या फायरमन लोकांना मशीनपाशी बोलावलं. मला वाटलं आता चिपांचं व्याख्यान देणार. तो म्हणाला, "चूक माझ्या प्रोग्रॅमची होती. आमच्या कारखान्यात तिच्यामुळं चाँदपाशा नावाचा माणूस भाजला. त्याची काही चूक नव्हती." एवढं बोलून खाली बसला आणि फ्लॉपी घातली.

अजीजाबीचाचींना आम्ही पोचल्याचं सांग. दादा काय बोलला ते मात्र त्यांना किंवा चाचांना सांगू नकोस. शिवप्पालाही बजाव. ते दादानं स्वतः त्यांच्या दारात येऊन सांगायचं आहे. नगरचं काम झालं की मी त्याला घेऊन येते.

पुतळा